जुगाराच्या कंपनीत भागीदार व्हावे काय?



वर्षावासातल्या एका रविवारी नांदेडच्या आमच्या वस्तीतील विहारात वर्ग संपल्यावर एक तरुण मागे थांबला. सोबत त्याची आई होती. या माउलीचे पती नगरपालिकेत सफाई कामगार होते. तीस वर्षांवर त्यांनी शहराचे रस्ते झाडले. ते वारल्यानंतर हक्काची रक्कम म्हणून चार लाख रुपये पत्नीच्या खात्यावर जमा झाले. मुलगा मोबाइलच्या दुकानात कामाला आहे. त्याने विचारले, "ताई, यातले दोन लाख गोव्याच्या कॅसिनो कंपनीच्या शेअरात टाकावे म्हणतो. तुमचं मत काय?"

त्याची बाजू त्याने नीट मांडली. कंपनी कायदेशीर आहे, शेअर बाजारात नोंदलेली आहे. तो स्वतः जुगार खेळत नाही, पत्त्याला हातही लावत नाही. जुगारात खेळणारा हरतो, मालक कधी हरत नाही, तेव्हा आपण मालकाच्या बाजूने उभे राहिलेले बरे. आणि शेअर सध्या फार स्वस्त झाला आहे. शेवटी तो म्हणाला, "बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञांत दारूचं नाव आहे, जुगाराचं नाव नाही."

हा तरुण उडाणटप्पू नाही. असा प्रश्न आज आपल्या पुष्कळ घरांत विचारला जात असेल, कारण ज्या घरांत काल पगाराच्या दिवशीच पैसा दिसत असे, त्या घरांत आज थोडीबहुत शिल्लक दिसू लागली आहे. म्हणून त्याला एका वाक्यात होय किंवा नाही असे उत्तर न देता, पुढच्या रविवारी आम्ही सर्वांनी मिळून या प्रश्नाचे वजन केले. तोच पाठ येथे देत आहे.

शेअर बाजार आपल्याला वर्ज्य आहे काय?

आरंभीच एक गैरसमज दूर केला पाहिजे. शेअर घेणे म्हणजे जुगार खेळणे नव्हे. शेअर म्हणजे कंपनीच्या मालकीचा एक लहान भाग. कंपनीला नफा झाला तर त्यातला वाटा भागधारकाला लाभांश म्हणून मिळू शकतो, किंवा शेअरची किंमत वाढते. तोटा झाला तर तो तोटाही त्याच प्रमाणात आपला असतो.

परमपूज्य बाबासाहेब परदेशातून शिकून आल्यावर त्यांनी मुंबईत काही काळ शेअर-गुंतवणुकीचा सल्ला देण्याचा व्यवसाय केला होता. सल्ला देणारा मनुष्य अस्पृश्य आहे असे कळताच गिऱ्हाइके येईनाशी झाली आणि तो व्यवसाय बंद पडला. रुपयाच्या प्रश्नावर १९२३ साली ग्रंथ लिहिणाऱ्या या अर्थशास्त्रज्ञाला बाजाराने दार लावून घेतले. ज्या दारातून आपल्याला एकदा हाकलले गेले, त्यातून आज आत जाण्यात लाज कसली? पण आत जाताना डोळे उघडे असले पाहिजेत.

मी स्वतः घरातली पहिली पदवीधर. अर्थशास्त्र घेऊन बी.ए. झाले, तरी नोकरी लागल्यावर एका कंपनीचे शेअर मी केवळ ऐकीव माहितीवर घेतले. चाळीस हजारांचे तेवीस हजार झाले तेव्हा विकले. त्या कंपनीचा दोष नव्हता. ती काय करते हे मी वाचलेच नव्हते. पदवी असली म्हणजे शहाणपण आपोआप येते असे नाही, हे मी त्या सतरा हजारांत शिकले.

मालक का हरत नाही?

आता त्या तरुणाच्या मुख्य मुद्द्याकडे वळू. मालक हरत नाही, हे त्याचे म्हणणे खरे आहे. ते कसे, हे आकड्यांत पाहा.

कॅसिनोत एक चक्र असते. त्याला ३७ घरे असतात, शून्य ते ३६. एका घरावर १०० रुपये लावले आणि तेच घर लागले तर ३५ पट बक्षीस आणि लावलेले १०० मिळून ३,६०० रुपये हाती येतात. समजा, ३७ माणसांनी ३७ घरांवर प्रत्येकी १०० रुपये लावले. एकूण ३,७०० रुपये जमा झाले. एक जण ३,६०० घेऊन नाचत गेला. उरलेले १०० रुपये मालकाचे. कोणतेही घर लागो, मालकाचे १०० रुपये पक्के आहेत.

आपल्याकडच्या मटक्याचे गणित याहून कठोर आहे. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातून येणाऱ्या भावांवर मुंबईत आकडे लावले जात. ते बंद पडल्यावर १९६२ साली कल्याणजी भगत यांनी वरळीत आणि १९६४ साली रतन खत्री यांनी आपला मटका सुरू केला. तेथून तो गिरणगावात आणि पुढे गावोगावच्या टपऱ्यांवर पोचला. दहा आकड्यांपैकी एक लावायचा आणि लागला तर बहुधा नऊ पट मिळायचे. दहाही आकड्यांवर दहा-दहा रुपये लागले तर शंभर जमा होतात आणि नव्वद परत जातात. शंभरातले दहा रुपये टपरीच्या मागे बसलेल्याचे.

तेव्हा खेळणाऱ्यापेक्षा मालक होणे फायद्याचे, हे गणित चुकीचे नाही. मग शेअर घेणारा हा मालकच नव्हे काय? येथेच विचार करावयाचा आहे. चक्रावर मालक हरत नसेल, पण चक्राच्या बाहेर तो हरू शकतो, आणि तसा तो हरला आहे.

मग धोका कोठे आहे?

ज्या कंपनीबद्दल हा तरुण विचारत होता, ती डेल्टा कॉर्प. गोव्यात पणजीजवळ मांडवी नदीत उभे असलेले 'डेल्टिन रॉयल' हे तरंगते कॅसिनो तिचेच. २०२२-२३ या वर्षात तिचे उत्पन्न सुमारे एक हजार कोटी रुपये होते आणि ती नफ्यात होती. पाहणाऱ्याला सर्व काही आलबेल वाटावे अशी स्थिती होती.

११ जुलै २०२३ रोजी जीएसटी परिषदेची बैठक झाली. कॅसिनो, घोड्यांच्या शर्यती आणि ऑनलाइन खेळांवर लावलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के कर घ्यावा असे ठरले. दुसऱ्याच दिवशी डेल्टा कॉर्पचा शेअर एका दिवसात वीस टक्क्यांहून अधिक कोसळला. त्या दिवशी एकही खेळणारा कमी झाला नव्हता. चक्र नेहमीसारखेच फिरत होते.

पुढे सप्टेंबर २०२३ मध्ये मागील वर्षांच्या करापोटी कंपनीला ११,१३९ कोटी रुपयांची नोटीस आली. तिच्या उपकंपन्यांना आलेल्या नोटिसा धरून ही मागणी १६ हजार कोटींच्या वर गेली. त्या वेळी कंपनीच्या सर्व शेअरांची मिळून बाजारातील किंमत पाच हजार कोटींच्याही आत होती. म्हणजे सारी कंपनी विकली तरी मागणीचा तिसरा हिस्सा फिटला नसता.

एवढी प्रचंड रक्कम आली कोठून? वरचे उदाहरण पुन्हा घ्या. मालकाच्या पदरी पडलेल्या १०० रुपयांवर २८ टक्के कर धरला तर तो २८ रुपये होतो. पण लावलेल्या सर्व ३,७०० रुपयांवर तो धरला तर १,०३६ रुपये होतो! मिळकत १०० आणि कर १,०३६. कर कशावर मोजायचा, या एका शब्दाच्या अर्थाने कंपनीचे भवितव्य टांगणीला लागले. ऑगस्ट २०२३ मध्ये परिषदेने स्पष्ट केले की पुढे हा कर खेळात शिरताना भरलेल्या रकमेवर घ्यावा, प्रत्येक डावावर नव्हे. १ ऑक्टोबर २०२३ पासून तो लागू झाला. जुन्या नोटिसांचे प्रकरण न्यायालयात गेले, आणि जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा नोटिसांवरील कारवाईला स्थगिती दिली. सप्टेंबर २०२५ मध्ये कॅसिनो, लॉटरी व शर्यतींवरील कराचा दर २८ वरून ४० टक्क्यांवर नेण्यात आला.

दुसरे उदाहरण ऑनलाइन खेळांचे. मुंबईची नझारा टेक्नॉलॉजीज ही कंपनी मार्च २०२१ मध्ये ११०१ रुपये भावाने शेअर बाजारात आली. मोबाइलवरचे खेळ हा तिचा मुख्य धंदा. पुढे तिने पैसे लावून पोकर खेळवणाऱ्या एका कंपनीत शेकडो कोटी रुपये गुंतवले. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयीचा कायदा केला. २० तारखेला लोकसभेत, २१ तारखेला राज्यसभेत तो मंजूर झाला आणि २२ तारखेला राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे लावून खेळायचे सर्व ऑनलाइन खेळ त्याने बंद केले, मग ते कौशल्याचे म्हणा की नशिबाचे. खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड अशी तरतूद झाली. नझाराचा शेअर एका दिवसात दहा टक्क्यांहून अधिक उतरला. क्रिकेट संघाच्या अंगावर ज्याचे नाव झळकत होते त्या ड्रीम इलेव्हनने पैशांचे खेळ बंद केले. ज्या धंद्याची जाहिरात सोमवारी प्रत्येक चौकात होती, तो बेकायदा ठरवणाऱ्या कायद्याला शुक्रवारी संमती मिळाली होती.

आपल्या राज्याचा अनुभवही असाच आहे. महाराष्ट्रात कॅसिनोंना परवानगी देणारा कायदा १९७६ साली झाला. कित्येक वर्षे काही लोक आशा लावून बसले की आज ना उद्या तो लागू होईल. तो कधीच अंमलात आला नाही, आणि २०२३ मध्ये तो रद्द करण्यात आला.

यावरून काय दिसते? साबणाच्या किंवा सायकलीच्या कंपनीला गिऱ्हाइकाची आणि प्रतिस्पर्ध्याची भीती असते. जुगाराच्या कंपनीला त्याखेरीज परवान्याची, कराची, न्यायालयाची आणि लोकमताची भीती असते. सरकार अशा धंद्याला उपकार केल्यासारखे जगू देते आणि हवे तेव्हा आवळते, आणि लोकांना त्याचे वाईट वाटत नाही. हा धोका हळूहळू येत नाही. तो एका रात्रीत येतो, आणि सकाळी बाजार उघडतो तेव्हा विकायला उशीर झालेला असतो. कंपनी बुडालीच तर आधी कामगार, कर्ज देणाऱ्या बँका आणि कर यांची देणी भागतात. भागधारक रांगेत सर्वांत शेवटी उभा असतो. ही 'मालकी' अशी आहे.

स्वस्त म्हणजे काय?

तरुण म्हणाला होता, शेअर स्वस्त झाला आहे. २०२२ च्या एप्रिलमध्ये डेल्टा कॉर्पचा शेअर ३३० रुपयांच्या वर होता. सप्टेंबर २०२३ मध्ये, ती मोठी नोटीस येण्यापूर्वी, तो सुमारे १७५ वर होता. "निम्म्यावर आला, आता वाढेल," असे म्हणून ज्याने तेव्हा घेतला असेल, त्याने २०२५ मध्ये तो ९० च्याही खाली गेलेला पाहिला. म्हणजे निम्म्याचेही पुन्हा निम्मे झाले.

भाजीबाजारात संध्याकाळी मेथी स्वस्त होते ती कोमेजलेली असते म्हणून. ती घेऊ नये असे नाही, पण सकाळच्या भावाकडे बोट दाखवून "केवढी स्वस्त!" म्हणणे हा हिशेब नव्हे. मागे भाव काय होता याला महत्त्व नाही. पुढे ही कंपनी काय कमावणार, आणि ते कमावू दिले जाणार काय, याला महत्त्व आहे.

"मोठमोठे लोक घेतात" हेही आपण ऐकतो. राकेश झुनझुनवाला हे नामवंत गुंतवणूकदार या कंपनीचे मोठे भागधारक होते. त्यांनी जून २०२२ मध्ये आपल्याकडचे बरेच शेअर विकले. मोठा माणूस स्वतःसाठी घेतो आणि स्वतःसाठी विकतो. विकताना तो नांदेडला निरोप पाठवीत नाही.

तोट्याचे वजन सर्वांना सारखे नसते

दोन लाखांचे एक लाख झाले तर किती टक्के गेले? पन्नास. पण एकाचे पुन्हा दोन लाख व्हायला किती टक्के वाढ हवी? शंभर. एक लाख रुपये दरसाल आठ टक्क्यांनी वाढले तरी दोन लाख व्हायला नऊ वर्षे लागतात. घसरण एका दिवसाची असते, चढण नऊ वर्षांची.

ज्याच्याजवळ दोन कोटी आहेत त्याचे एक लाख गेले तर तो रात्री नीट झोपतो. या माउलीचे एक लाख गेले तर तिच्या डोळ्यांचे ऑपरेशन पुढे ढकलले जाईल, किंवा नातीचे लातूरला शिकायला जाणे राहील. आमच्या भागातील कितीतरी मुले डॉक्टर होण्याचे स्वप्न घेऊन लातूरच्या खोल्यांत राहतात. त्या खोलीचे भाडे आणि डब्याचे पैसे ज्या शिलकीतून जातात, ती शिल्लक कॅसिनोच्या परवान्यावर टांगून ठेवावी काय? ज्यांच्या मागे वडिलोपार्जित जमीन, दुकान वा पैसेवाला मामा उभा नाही, त्यांनी श्रीमंतांचा धोका पत्करू नये. हा भित्रेपणा नव्हे. आपल्या पिढीला आधी पाया घालावयाचा आहे.

धम्म काय सांगतो?

आता त्या तरुणाचा शेवटचा मुद्दा. बावीस प्रतिज्ञांत जुगाराचा शब्द नाही, हे खरे. आणखी एक गोष्टही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. अंगुत्तर निकायातील वणिज्जा सुत्तात तथागतांनी उपासकाने करू नयेत असे पाच व्यापार सांगितले आहेत: शस्त्रे, जिवंत प्राणी, मांस, मद्य आणि विष. जुगाराचा अड्डा चालवणे या पाचांत मोजलेले नाही.

म्हणून तो करावा असा अर्थ होतो काय? दीघ निकायातील सिगालोवाद सुत्त पाहा. राजगृहाच्या वेळुवनाजवळ सिगाल नावाचा गृहस्थपुत्र सहा दिशांना नमस्कार करीत होता. त्याला तथागतांनी गृहस्थाचे कर्तव्य समजावून दिले. धन ज्या सहा वाटांनी नाश पावते त्या सांगताना जुगार ही त्यांपैकी एक म्हणून सांगितली आणि तिचे सहा दुष्परिणाम मोजून दाखवले. जिंकणाऱ्याला वैर मिळते. हरणारा गेलेल्या धनासाठी झुरतो. हातचे धन संपते. सभेत त्याच्या शब्दाला किंमत राहत नाही. मित्र आणि सोबती त्याला तुच्छ लेखतात. आणि त्याच्या घरी कोणी मुलगी देत नाही, कारण जुगारी बायकोला पोसू शकत नाही असे लोक म्हणतात.

हे सहाही मी माझ्या घरात पाहिले आहेत. माझे धाकटे चुलते मटका खेळत. आठवडी बाजाराच्या दिवशी हमालीचे पैसे टपरीवर जात. काकू ज्वारीच्या कणगीत नोटा लपवी आणि त्या शोधण्यासाठी कणगी उपसली जाई. एकदा आकडा लागला. त्या रात्री सर्व वस्तीला जिलेबी वाटली. ती जिलेबी पुढे तीन वर्षे आम्हाला पुरली नाही, पण ते शेवटपर्यंत तिचीच आठवण सांगत. पंचायतीत ते बोलायला उभे राहिले की लोक हसत.

तेव्हा प्रश्न असा विचारला पाहिजे की जुगाराच्या कंपनीचा नफा कोठून येतो? साबणाच्या कंपनीला पैसा देणारा साबण घेऊन घरी जातो. जुगाराच्या कंपनीला पैसा देणारा रिकाम्या हातांनी घरी जातो. पुष्कळ जण करमणूक म्हणून थोडे हरतात आणि विसरतात, हेही खरे. पण जे विसरू शकत नाहीत, पुन्हा पुन्हा येतात, त्यांच्यावर या धंद्याची भिस्त असते. लाभांशाचा जो रुपया आपल्या खात्यावर येईल, तो कोणाच्या तरी कणगीतून आलेला असेल. आपण स्वतः पत्त्याला हात लावला नाही, एवढ्याने तो रुपया निराळा होत नाही.

कायदेशीर आहे, हे उत्तर पुरेसे नाही. महाराष्ट्र शासनाने १९६९ साली स्वतःची लॉटरी सुरू केली. कायद्याने कोणती गोष्ट करता येते आणि कोणती करावी, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. अस्पृश्यता पाळणेसुद्धा एके काळी कायद्याविरुद्ध नव्हते.

नाव बाजाराचे, खेळ जुगाराचा

येथे एक सावधगिरीची सूचना. कंपनी जुगाराची नसली तरी खरेदी जुगाराची असू शकते. मोबाइलवर शेअर खाते उघडले की फ्युचर्स आणि ऑप्शन्स नावाचे व्यवहार दिसू लागतात. त्यात काही हजारांत मोठ्या सौद्यावर पैज लावता येते. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत असे व्यवहार करणाऱ्या सामान्य व्यक्तींपैकी ९३ टक्के लोक तोट्यात गेले, आणि सर्वांचा मिळून तोटा १ लाख ८० हजार कोटी रुपयांहून अधिक होता. मटक्याच्या टपरीवर शंभरातले दहा जात होते. येथे शंभरातले त्र्याण्णव माणसे हरली. टपरी आता खिशात आली आहे, एवढाच फरक.

मग पैशाचे करावे काय?

सिगालोवाद सुत्तातच याचे उत्तर आहे. मिळकतीचे चार भाग करावेत. एक भाग चरितार्थासाठी, दोन भाग कामधंद्यासाठी, आणि चौथा भाग अडचणीच्या दिवसांसाठी राखून ठेवावा. आपल्या तुटपुंज्या पगारात हे प्रमाण जसेच्या तसे जमणार नाही, पण विचाराची दिशा तीच ठेवावी. व्यग्घपज्ज सुत्तात धनाला तलावाची उपमा दिली आहे. पाणी येण्याच्या वाटा खुल्या आणि जाण्याच्या वाटा बंद असतील तर तलाव भरतो. जाण्याच्या ज्या चार वाटा सांगितल्या, त्यांत व्यभिचार, मद्यपान आणि कुसंगती यांच्यासोबत जुगार आहे. ज्या लातूरने एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलेले पाहिले, त्या लातूरकरांना साठवलेल्या पाण्याची किंमत निराळी सांगावयास नको.

आजच्या काळात क्रम असा असावा. प्रथम सावकाराचे आणि बचत गटाबाहेरचे चढ्या व्याजाचे कर्ज फेडा, कारण फिटलेले व्याज हीच सर्वांत पक्की कमाई होय. नंतर सहा महिन्यांचा घरखर्च बँकेत ठेवा. बँकेतील ठेवींना, प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदाराला, पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. पोस्टातील बचतीला केंद्र सरकारची हमी आहे. पतसंस्था आणि मल्टिस्टेट यांच्या ठेवींना मात्र बँकेसारखा विमा नाही. बीडच्या ज्ञानराधा मल्टिस्टेटमध्ये २०२३ पासून मराठवाड्यातील हजारो कुटुंबांचे पैसे कसे अडकले, हे आपण पाहिलेच आहे. जादा व्याजाचा बोर्ड दिसला की पाय जरा मागे घ्यावा. प्रत्येक खात्यावर वारसाचे नाव लावा. एवढे झाल्यावर जे उरेल, जे दहा वर्षे लागणार नाही, त्यातून बाजारात जायचे असेल तर एका कंपनीवर सारे न लावता अनेक कंपन्यांत वाटल्या जाणाऱ्या इंडेक्स फंडात थोडेथोडे घालावे. तेथेही चढउतार आहेतच, पण एका नोटिशीने सर्व बुडत नाही.

कोणताही शेअर घेण्यापूर्वी स्वतःला पाच प्रश्न विचारा. ही कंपनी कोणाकडून आणि कशाबद्दल पैसे घेते? एका सरकारी आदेशाने ती बंद पडू शकते काय? मी देत असलेली किंमत कशावरून योग्य? उद्या हे पैसे निम्मे झाले तर घरातले कोणते काम अडेल? आणि पाचवा, ही माझी गुंतवणूक आहे, असे मी विहारात सर्वांसमोर आणि माझ्या मुलांसमोर सांगू शकेन काय?

त्या माउलीचे उत्तर

हे सर्व सांगून झाल्यावर मी तरुणाला विचारले, "पैसे कोणाच्या नावावर आहेत?" तो म्हणाला, "आईच्या." "मग आईला विचारलंस?" तो गप्प राहिला. दोन रविवार ती माउली शेजारी बसून ऐकत होती आणि तिला कोणीही काही विचारले नव्हते. मीसुद्धा नाही. ही माझीही चूक.

मी तिला म्हणाले, "माय, तुम्ही सांगा."

ती म्हणाली, "मला त्यातलं कळत नाही बाई. पन एक कळतं. मटक्याच्या टपरीपुढचा रस्ता ह्याचा बाप रोज झाडायचा. पहाटे तिथं चिठ्ठ्यांचा खच पडायचा. एक एक चिठ्ठी म्हंजी एका घरातली भाकर, असं ते म्हनायचे. त्या झाडण्याचा हा पैसा हाय. तो परत त्याच टपरीला कशाला द्यायचा?"

विहारात बराच वेळ कोणी बोलले नाही. आकडेमोड करून मी जे सांगत होते, ते तिने एका झाडूत सांगितले.

त्या पैशाचे पुढे काय झाले, तेही सांगते. दिराकडून घेतलेले कर्ज फिटले. दोन लाख पोस्टात ठेवले आहेत. डोळ्यांचे ऑपरेशन झाले. मुलगा आपल्या पगारातून दरमहा पाचशे रुपये इंडेक्स फंडात घालतो आणि रविवारी वर्गाला येतो. त्याचे अजूनही माझ्याशी सर्व मुद्द्यांवर एकमत नाही. तो म्हणतो, धंदा म्हणून पाहिले तर एखाद दिवशी तो शेअर वाढेलही. वाढू शकेल, हे मला मान्य आहे. पण आपण जे नाकारले ते वाढणार नाही म्हणून नाकारले नव्हते.

घरी चर्चेसाठी

१. आपल्या घरातील शिल्लक कोणाच्या कष्टाची आहे आणि तिच्याविषयीचा निर्णय कोण घेते?

२. ३७ घरांच्या चक्राचे गणित मुलांकडून पाटीवर सोडवून घ्या. एका घराला ३७ पट बक्षीस दिले तर मालकाचे काय होईल?

३. सिगालोवाद सुत्तातील जुगाराच्या सहा दुष्परिणामांपैकी कोणते आपण आपल्या वस्तीत पाहिले आहेत? ज्यांनी पाहिले त्यांना बोलू द्यावे. वडीलधाऱ्यांनी मध्ये थांबवू नये.